अर्जात आपले काम लिहा

विरारच्या आमच्या वस्तीतील एका मुलीने फोर्टमधील वकिली फर्मसाठी लिहिलेला अर्ज आम्हाला दाखविला. "मी कष्टाळू व प्रामाणिक आहे." हे तर सारेच लिहितात! शेजारच्या आजीचे थांबलेले पेन्शन तिने तीन अर्ज करून सुरू करविले. वस्तीचा उल्लेख नको म्हणून तेच वगळले होते. आम्ही म्हटले, बाळ, तेच आधी लिही. अडचण काय, कागद कोणते, निकाल काय. मग हीच फर्म का, ते दोन ओळींत.

बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा जातीमुळे सॉलिसिटर काम देत नसत. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' खटला त्यांनी जिंकला. नाव कामानेच झाले.

पालकहो, मुलांचा अर्ज ऐका. राहिलेले काम तुम्हालाच आठवेल. जयभीम!