सर्दी नाही, खोकला नाही, तरी ताप? आधी लघवी तपासा!

नशिराबाद आणि पंचक्रोशीतील आई-वडील, आजी-आजोबा, आशाताई आणि अंगणवाडीताई यांना कळकळीचे आवाहन.

दोन वर्षांच्या आतल्या लेकराला ताप चढला, पण सर्दी, खोकला, जुलाब काहीच नाही, तर ‘दात येत असतील’, ‘नजर लागली असेल’ म्हणत थांबू नका. मेडिकलवरून अँटिबायोटिकची बाटली आणून परस्पर पाजू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल तर थेट रुग्णालयातच न्या.

एवढी घाई का? असा ताप लघवीच्या संसर्गाचा असू शकतो. लघवीच्या संसर्गाने ताप येणाऱ्या दर तीन मुलांपैकी साधारण एकाची लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे चढते. यालाच रिफ्लक्स म्हणतात. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गेला की पाइपातले पाणी माघारी विहिरीत उतरते, तसाच हा प्रकार. लघवीबरोबर जंतूही वर जातात आणि मूत्रपिंडावर व्रण पडू शकतात. हे व्रण पुन्हा भरून येत नाहीत. पुढे काहींचा रक्तदाब वाढतो, काहींची मूत्रपिंडे निकामी होतात.

लघवी करताना रडणे, थेंब थेंब होणे, मुलाची धार बारीक असणे, वजन न वाढणे, वारंवार ताप येणे, ही लक्षणे अंगावर काढू नका.

लघवीचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधीच द्या. नंतर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू बहुधा सापडत नाहीत. मोठ्या मुलाची लघवीची जागा पाण्याने धुवा, पहिली धार सोडून मधली लघवी लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्या आणि तासाभरात पोचवा. तान्ह्या बाळाचा नमुना नर्स नळीने घेतील, घाबरू नका.

संसर्ग निघाला तर पुढे सोनोग्राफी होते. शंका वाटल्यास एमसीयू, म्हणजे मूत्राशयात औषध सोडून काढलेला एक्स-रे. रिफ्लक्सचे पाच ग्रेड आहेत. पहिले दोन बहुधा वयानुसार आपोआप बरे होतात. इतरांना डॉक्टर रोज कमी मात्रेचे औषध देतात, गरज पडली तर दुर्बिणीतून इंजेक्शन किंवा ऑपरेशन करतात. बद्धकोष्ठ राहू देऊ नका. मुलांना दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवा, शाळेतही.

जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय जवळच आहे. अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले की मुलाच्या लघवीची तक्रार मोकळेपणाने सांगा.

आणि ताप उतरला म्हणून कल्चरचा रिपोर्ट लॅबमध्येच पडू देऊ नका. तो दोन-तीन दिवसांनी मिळतो. घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जाच.