बीटल्सना नाकारणारे खरंच मूर्ख होते का?

बँकेनं कर्जाची फाइल परत केली की बॅचमधलं कोणीतरी हमखास म्हणतं, "सर, बीटल्सनापण नाकारलंच होतं ना!" हो, नाकारलं होतं. पण त्या दिवशी नेमकं काय झालं ते आधी ऐका.

१ जानेवारी १९६२. लंडनमध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ. पोरं आदल्या दिवशी लिव्हरपूलहून व्हॅननं निघाली, बर्फात रस्ता चुकली, दहाएक तास प्रवासातच गेले. सकाळी स्टुडिओत गेल्यावर कळलं, स्वतःचे अँप्लिफायर चालणार नाहीत, कंपनीचे वापरा. त्यात तासाभरात १५ गाणी वाजवायची. आणि त्या १५ मध्ये स्वतःची किती? फक्त ३! बाकी सगळी दुसऱ्यांची. मॅनेजर ब्रायन एपस्टाईनला वाटलं, आपल्या पोरांना सगळं जमतं हे दाखवूया.

मला खरी चूक इथं दिसते. डेक्काचा माइक स्मिथ डिसेंबरमध्ये लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात त्यांना ऐकून गेला होता, त्याला ती आवडली म्हणून तर बोलावणं आलं. म्हणजे गिऱ्हाइकाला दुकानातला माल पसंत होता, सॅम्पल मात्र भलतंच गेलं. गावच्या यात्रेत तुमची शेंगदाण्याची चटणी हातोहात खपते, आणि मोठ्या दुकानदाराकडे जाताना तुम्ही लोणचं, पापड, शेवया सगळंच पिशवीत कोंबता. तो कशाला घेईल हो?

डेक्कानं त्याच दिवशी ऐकलेला दुसरा बँड घेतला, ब्रायन पूल अँड द ट्रेमेलोज. लंडनच्या जवळचा, कामाला सोयीचा. "गिटारवाल्यांचे दिवस गेले" असं डेक्काचे डिक रो म्हणाले, ही गोष्ट एपस्टाईनची. रो यांनी ती कायम नाकारली.

आता एपस्टाईनचं कौतुक करतो. नकार आल्यावर त्यानं रडगाणं गायलं नाही. त्याच ऑडिशनच्या टेप घेऊन तो ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एचएमव्हीच्या दुकानात गेला, तिथं त्यांच्या डिस्क करून घेतल्या. तिथल्या ओळखीतून एका संगीत प्रकाशकाकडे, आणि तिथून पार्लोफोनच्या जॉर्ज मार्टिनकडे. नापास झालेलंच सॅम्पल, पण दार दुसरं! जूनमध्ये मार्टिननं ऐकलं, ड्रमरवर नाराजी दाखवली. ऑगस्टमध्ये पीट बेस्ट गेला, रिंगो स्टार आला. (पीटला ज्या पद्धतीनं काढलं ते मला आजही पटत नाही, पण तो वेगळा विषय.) ऑक्टोबरमध्ये 'लव्ह मी डू' आलं आणि ब्रिटनच्या यादीत १७ व्या नंबरापर्यंत गेलं.

आणि डिक रो? १९६३ मध्ये लिव्हरपूलच्या एका स्पर्धेत ते परीक्षक होते, शेजारी बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन. त्यानं एका नव्या बँडचं नाव सुचवलं. रो यांनी लगेच जाऊन त्यांना ऐकलं आणि करार केला. तो बँड म्हणजे रोलिंग स्टोन्स.

तर, तुमची फाइल परत आली असेल तर तिच्यावरचा शेरा आधी मला वाचून दाखवा. बीटल्सचं नंतर बघू.