दिवाळीनंतर भाजी कुठून आणायची?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी उन्हाळा लागताच तिथल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. पाण्याला मुरायला उसंतच मिळत नाही. ते वैतरणेत उतरते आणि त्यातले काही मुंबईच्या नळांपर्यंत पोचते.

टंचाईची बातमी होते ती हंड्यांच्या रांगांची. ताटातली टंचाई मात्र कुणाला दिसत नाही. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या मिळतात. दिवाळीनंतर रान वाळते आणि जेवण भात-नागलीवर येऊन थांबते. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ मध्ये हा भाग देशाला माहीत झाला. त्यानंतर योजना पुष्कळ आल्या. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली.

पालेभाजी म्हणजे औषध नव्हे. तिच्यातले लोह शरीर फार थोडे शोषते, त्यामुळे गरोदर स्त्रीची लोहाची गोळी सुटत नाही. पण फोलेट, 'अ' आणि 'क' जीवनसत्त्व भाजीतून मिळते, आणि सोबत लिंबू किंवा टोमॅटो असेल तर लोहही अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला की त्यातले बरेचसे वाया जाते.

मग डोंगरावर हिवाळ्यात भाजी कशी पिकवायची? मेघालयातील उमियम येथील कृषी संशोधन संस्थेने अशा उतारांसाठी 'जलकुंड' रुजवले: ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, दीड मीटर खोल खड्डा आणि आत प्लॅस्टिकचा जाड कागद. त्यात ३० हजार लिटर पाणी मावते. जव्हारसारख्या ठिकाणी ते थेट पडणाऱ्या पावसानेच भरेल, कारण तिथला पाऊस खड्ड्याच्या खोलीपेक्षा जास्त आहे. ओढ्याचे गढूळ पाणी वळवायला नको.

परसातल्या ५० चौरस मीटर वाफ्यांना हिवाळ्यात रोज साधारण दीडशे लिटर पाणी लागते. उघड्या कुंडातून मात्र रोज सुमारे ८० लिटर वाफ होऊन उडते. म्हणजे पाणी चार महिने पुरेल. गवताचे छप्पर घातले तर त्याहून अधिक. एवढ्यात मेथी, माठ, मुळा, टोमॅटो सहज होतात.

'मागेल त्याला शेततळे' योजनेतील मोठे तळे ३० बाय ३० मीटरचे होते. उतारावर दोन-चार गुंठे कसणाऱ्याने ते कुठे खणावे? जलजीवन मिशन माणशी रोज ५५ लिटर पाणी धरते, त्यात परसबाग बसत नाही. कृषी खाते पिकाचे बघते, आरोग्य खाते गोळीचे. मधला भाजीचा वाफा कुणाचाच नाही. शिवाय दिवाळीनंतर घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर जातात. वाफ्याला पाणी घालायला मागे कोण राहते, हे पाहूनच कुंडासाठी घर निवडावे लागेल.

साठलेल्या पाण्यात डास होतात, म्हणून गप्पी मासे सोडावेत. आणि कुंडाला कुंपण हवेच. दीड मीटर पाणी रांगत्या-चालत्या मुलाला बुडवायला पुरेसे असते.