राउटरने पत्ते कसे वाटावेत?



एरवी या सदरात खते, बियाणे, गोठा आणि पाणी यांचाच विचार होतो. परंतु आता पुष्कळ घरी इंटरनेटची तार आली आहे. घरात चार मोबाइल, टीव्ही, मुलांचा संगणक, गोठ्यावर कॅमेरा आणि त्याचा रेकॉर्डर, अशी सगळी मंडळी एकाच राउटरवर जगतात. त्यांच्यात पत्त्यांचा घोळ झाला की भलत्या वेळी खोळंबा होतो. गाय व्यायला आलेली असावी, रात्री दोन वाजता घरातून पाहावे, तर पडद्यावर गोठाच दिसत नाही! अशा वेळी कॅमेरा बिघडला असे समजून माणूस खर्चात पडतो. पुष्कळदा कॅमेरा धडधाकट असतो, बदललेला असतो तो त्याचा पत्ता.

हा पत्ता म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. राउटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक लागतो. त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०५. हे क्रमांक आपोआप वाटण्याच्या व्यवस्थेचे नाव डीएचसीपी. ही पद्धत १९९३ साली ठरली आणि १९९७ साली तिची सुधारित मांडणी झाली. नवा मोबाइल घरात आला की तो हाक देतो, "मला कोणी पत्ता देता का?" राउटर म्हणतो, "हा घे." मोबाइल म्हणतो, "मला हाच चालेल." राउटर नोंद करून होकार देतो. एवढ्या चार बोलण्यांत काम होते.

मात्र हा पत्ता कायमचा नसतो. खंडाने घेतलेल्या जमिनीसारखी त्याला मुदत असते. निम्मी मुदत सरली की यंत्र ती वाढवून मागते. वीज गेली, राउटर नव्याने सुरू झाला, की एखाद्या यंत्राला वेगळाच पत्ता मिळू शकतो. मोबाइलला त्याचे काही वाटत नाही. रेकॉर्डरमध्ये मात्र कॅमेऱ्याचा जुना पत्ता भरलेला असतो, म्हणून तो कॅमेऱ्याला जुन्याच ठिकाणी शोधत बसतो. दुसरा घोटाळा असा, की कोणी कॅमेऱ्यात हाताने पत्ता भरतो आणि राउटर तोच पत्ता मोबाइलला देतो. एकाच गटाचा सातबारा दोघांच्या नावे निघावा, तसा हा तंटा होय.

आता व्यवस्था कशी लावावी ते पाहू.

१) राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता असतो. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. राउटरच्या वायफायवर असताना मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाइप करावा. मग नाव व पासवर्ड भरावा. मूळचा पासवर्ड अजून तसाच असेल तर तो लागलीच बदलावा.

२) काही बदलण्यापूर्वी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. इंटरनेट किंवा वॅन या भागाला हात लावू नये, तेथे कंपनीची माहिती असते. आपले काम लॅन या भागात.

३) तेथे डीएचसीपी सर्व्हर चालू ठेवावा. वाटायचे पत्ते १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ असे ठरवावेत. हे शंभर पत्ते घराला भरपूर झाले. आपल्या राउटरचे पहिले तीन आकडे वेगळे असतील तर तेच कायम ठेवावेत, फक्त शेवटचा आकडा ठरवावा.

४) मुदत चोवीस तासांची पुरे. काही राउटर ती मिनिटांत मागतात, तेथे १४४० भरावे. सेकंदांत मागत असेल तर ८६४००.

५) कॅमेरा आणि रेकॉर्डर यांचे पत्ते राखून ठेवावेत. याला रिझर्वेशन म्हणतात. प्रत्येक यंत्राला बारा अक्षर-अंकांचा मॅक अॅड्रेस असतो. तो यंत्रावरच्या कागदावर किंवा राउटरच्या यादीत सापडतो. त्यासमोर हवा तो पत्ता लिहिला की राउटर दरवेळी तोच देतो. आधीपासून रेकॉर्डरमध्ये एखादा पत्ता भरलेला असेल, तर शक्यतो तोच राखावा.

६) यंत्रात हाताने पत्ता भरायचाच असेल, तर तो वाटपाच्या रांगेबाहेरचा घ्यावा, जसे की १९२.१६८.१.५०. राउटरचा स्वतःचा पत्ता, तसेच शेवटी ० किंवा २५५ असलेला पत्ता घेऊ नये.

७) सेव्ह करून राउटर आणि मग कॅमेरा बंद-चालू करावा.

गोठ्यापर्यंत वायफाय पोचावे म्हणून कित्येकजण दुसरा राउटर लावतात. तेथे विशेष जपावे. पत्ते वाटणारा एकच असावा. दुसऱ्या राउटरचे डीएचसीपी बंद करावे, त्याला स्वतःला १९२.१६८.१.२ असा वेगळा पत्ता द्यावा आणि घराकडून आलेली तार त्याच्या लॅनच्या भोकात लावावी. दोघेही वाटू लागले तर कोणते यंत्र कोणाच्या हद्दीत, याचा पत्ता लागत नाही.

एखादे यंत्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दाखवत असेल, तर त्याला कोणी पत्ता दिलेलाच नाही असे समजावे. तार सैल आहे का आणि डीएचसीपी चालू आहे का, एवढे आधी पाहावे. मगच तंत्रज्ञाला बोलवावे.

घरातील शिकत्या मुलामुलींना शेजारी बसवून हे काम करावे. कोणत्या यंत्राला कोणता पत्ता दिला, ते दुधाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. गाय व्यायच्या दिवसांत तरी कामाला लागण्याआधी वैरण-पाण्याबरोबर ही तपासणीही उरकून घ्यावी.