त्या इमारतीसमोर वाजलेला बँड

शाळेच्या बँडचा परदेश दौरा म्हटलं की विमानतळावरचा ग्रुप फोटो, दोन दिवसांचं साइटसीइंग आणि परतल्यावर हातात पडलेलं प्रमाणपत्र एवढंच डोळ्यांसमोर येतं. याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणायचं का? माझ्या मते नाही. पण जिला तसं म्हणता येईल अशी एक भेट मला माहीत आहे.

जपानमधल्या क्योतो ताचिबाना हायस्कूलचा बँड नाचत, उड्या मारत वाजवतो. भगव्या-नारिंगी गणवेशामुळे त्यांना 'ऑरेंज डेव्हिल्स' म्हणतात. अमेरिकेतल्या रोझ परेडमध्ये हा बँड सुमारे ९ किलोमीटर चाललेला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो तैवानला गेला आणि १० तारखेला, तिथल्या राष्ट्रीय दिनी, तैपेईत राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासमोर वाजला.

आता ती इमारत कुणाची, ते पाहा. १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षं तैवान जपानच्या ताब्यात होतं. १९१९ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू जपानी गव्हर्नर-जनरलचं कार्यालय होती. याच राजवटीत पुढे लोकांना जपानी नावं घ्यायला लावण्याची मोहीम चालली. आपलं नाव बदलावं लागणं म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच इमारतीच्या शेजारी तैपेई फर्स्ट गर्ल्स हायस्कूल आहे. ही शाळाही जपानी काळातली, १९०४ ची. त्या दौऱ्यात या शाळेच्या मुली आणि जपानी मुलं-मुली एकत्र वाजले.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की इतिहासाची जखम गाण्या-बजावण्याने झाकली जाते. झाकली जाऊ शकते, हे खरं. म्हणूनच दौऱ्याआधी मुलांना त्या देशाचा इतिहास शिकवायला हवा, आपल्या लोकांनी केलेल्या अन्यायासकट. पण सोळा वर्षांच्या मुलीने पणजोबांच्या पिढीचा हिशोब चुकवावा, ही अपेक्षा मला मान्य नाही. तिने तो हिशोब माहीत करून घ्यावा आणि मग समोरच्या मुलीसोबत वाजवावं, एवढं पुरे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यात मुलं म्हणजे सरकारची सजावट, असं म्हणतात. जपान आणि तैवान यांच्यात १९७२ पासून औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. अशा वेळी शाळेचा बँड वकिलातीचं काम करतो, आणि दोन्हीकडच्या नेत्यांना ते सोयीचं असतं. म्हणून कसोटी अशी लावावी: व्यासपीठावरून उतरल्यावर मुलं एकमेकांशी बोलली का? एकत्र सराव केला का? की फक्त कॅमेऱ्यापुरती शेजारी उभी राहिली?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दोन सिस्टिम वेगवेगळ्या उत्तम चालतात, पण जोडल्या की खरी परीक्षा सुरू होते. बँडचंही तसंच असतं. स्वरलिपी दोघांची एकच असली तरी ताल जुळवायला दुसऱ्याचं ऐकावं लागतं. भाषणात ऐकण्याची सक्ती नसते, वाद्यवृंदात असते. ऐकलं नाही तर चूक साऱ्या मैदानाला कळते.

आणि हे वाद्यच मुळात कुठून आलं? जपानला ब्रास बँड मिळाला तो १८६९ च्या सुमारास, एका ब्रिटिश लष्करी बँडमास्तरकडून. आपल्याकडेही तो फौजेच्या मागोमागच आला आणि पुढे लग्नाच्या वरातीत शिरला. कूच करण्यासाठी बनलेली वाद्यं घेऊन मुलं एकमेकांना भेटायला जातात, ही मला छोटी गोष्ट वाटत नाही.

तुमच्यापैकी अनेक जण शिक्षक आहेत, कॉलेजच्या कार्यक्रमांचे संयोजक आहेत. परदेश दूरच राहू द्या, शेजारच्या गावची, शेजारच्या मोहल्ल्याबाहेरची शाळा निवडा. कार्यक्रम एकापाठोपाठ एक ठेवू नका, एकच कार्यक्रम दोन शाळांनी मिळून बसवा. आणि सरावाला आठवडाभर द्या. देवाणघेवाण त्या आठवड्यात होते, स्टेजवर फक्त ती दिसते.