विश्लेषण: बंदरं आणि विमानतळ 'हरित' होतायत, मग धूर जातो कुठे? समजून घ्या मौद्याचं कनेक्शन

मुंबई विमानतळाने २०२२ मध्ये आपली सगळी वीज हरित स्रोतांतून घेत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात कंटेनर वाहणारे इलेक्ट्रिक ट्रक दाखल झाले. दोन्ही बातम्या चांगल्याच. पण डिझेल जाऊन वीज आली म्हणजे उत्सर्जन थांबलं, असं होत नाही. ती वीज कुठे आणि कशापासून बनते, यावर सगळं अवलंबून आहे. हे समजण्यासाठी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेलं नागपूर जिल्ह्यातलं मौदा पाहायला हवं.

बंदरात आणि विमानतळावर धूर कशाचा?

जहाज धक्क्याला लागलं की मुख्य इंजिन बंद होतं. पण दिवे, पंप आणि थंड ठेवायचे कंटेनर यांना वीज लागतेच. त्यासाठी जहाजावरचे जनरेटर तासन्‌तास चालू राहतात. विमानाचंही तसंच. गेटवर उभं असताना शेपटीतलं एक छोटं इंजिन इंधन जाळून वीज आणि एसी पुरवतं.

यावरचा उपाय म्हणजे केबल जोडून किनाऱ्यावरची किंवा टर्मिनलची वीज देणं. जहाजांसाठी याला 'शोअर पॉवर' म्हणतात.

यात मौदा कुठून आलं?

मौद्यात एनटीपीसीचं २,३२० मेगावॉट क्षमतेचं औष्णिक विद्युत केंद्र आहे. इथे कोळसा जाळून बनलेली वीज ग्रिडमध्ये जाते. देशाचं ग्रिड एकच आहे आणि त्यातली सुमारे ७० टक्के वीज आजही कोळशाची आहे.

आता आकडे पाहू. जहाजावरच्या डिझेल जनरेटरमधून एक युनिट वीज तयार होताना साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागेही सरासरी ०.७ किलोच्या आसपासच कार्बन डायऑक्साइड पडतो.

म्हणजे नुसती केबल जोडली तर हवामानाच्या हिशेबात जवळपास काहीच बदलत नाही. धूर फक्त जागा बदलतो.

मग शोअर पॉवर नकोच का?

तसं नाही. जहाजांच्या धुरातले सल्फर आणि नायट्रोजनचे ऑक्साइड आणि बारीक कण बंदराजवळच्या वस्त्यांना त्रास देतात. उरण परिसराला त्यातून दिलासा मिळू शकतो. शिवाय ग्रिडमध्ये सौर आणि पवन वीज वाढेल तसा प्रत्येक युनिटमागचा कार्बन कमी होत जाईल. डिझेल जनरेटरच्या बाबतीत ही शक्यताच नाही.

पण दुसरी बाजूही आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या बहुतांश कोळसा केंद्रांना धुरातलं सल्फर काढणारी यंत्रणा बसवण्याच्या सक्तीतून सूट दिली. म्हणजे बंदराजवळचा माणूस मोकळा श्वास घेत असताना, त्याची किंमत कोळसा केंद्राजवळचा माणूस मोजत असू शकतो.

मुंबई विमानतळाने काय वेगळं केलं?

विमानतळाने विजेचा स्रोतच बदलला. २०२२ मधल्या माहितीनुसार सुमारे ९५ टक्के वीज जल आणि पवन प्रकल्पांची, तर ५ टक्के आवारातल्या सौर पॅनलची. कोची विमानतळ तर २०१५ पासून सौरऊर्जेवर चालतो.

मात्र इथेही एक मेख आहे. आधीच सुरू असलेल्या जलविद्युत प्रकल्पाची वीज एकाने घेतली, तर दुसऱ्याच्या वाट्याला कोळशाची येते. मागणीसोबत नवे सौर-पवन प्रकल्प उभे राहिले, तरच मौद्यासारख्या केंद्रात कोळसा कमी जळेल.

आणि या 'हरित' शिक्क्यात आकाशात उडणाऱ्या विमानांचं इंधन धरलेलं नसतं. खरं मोठं उत्सर्जन तेच आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ पासून १ टक्का आणि २०३० पर्यंत ५ टक्के शाश्वत इंधन मिसळायचं भारताचं उद्दिष्ट आहे.

पुढे कशावर लक्ष ठेवायचं?

केंद्राच्या 'हरित सागर' (२०२३) मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिटन मालामागचं उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के कमी करायचं आहे. पण 'प्रतिटन' हा शब्द नीट वाचा. माल दुप्पट झाला, तर प्रतिटन ३० टक्के घट होऊनही एकूण उत्सर्जन वाढेल.

पालघरमध्ये ७६,२२० कोटींचं वाढवण बंदर होऊ घातलंय. नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय, नागपूर विमानतळाचा विस्तार होणार आहे. यातला प्रत्येक प्रकल्प स्वतःला 'हरित' म्हणवून घेईल. तेव्हा तीन प्रश्न विचारा: वीज कोणत्या स्रोताची? त्यासाठी नवा प्रकल्प उभा राहिला का? आणि आकडा प्रतिटन आहे की एकूण?

उत्तरं समाधानकारक असतील, तर मौद्याच्या चिमणीतून निघणारा धूर कमी होईल. नसतील, तर किनाऱ्यावरचा धूर विदर्भात पोहोचलाय, इतकंच.