बापाचा धडा, बहिणीचा वाटा

मुसलमान बाप ज्यांना फक्त दंगलीच्या बातम्यांत भेटतो त्यांच्यासाठी हे लिहितोय.

गोदीतल्या आमच्या टोळीतला चाचा पोराला एकच बजावतो : मजुराचा घाम सुकायच्या आत त्याचा दाम चुकता कर. ही पैगंबरांची शिकवण. महाराष्ट्रातल्या हमालाला कायद्याचं छत्र मिळायला १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला!

पण धडा तिथंच संपत नाही. कुराणात लेकीला लेकाच्या निम्मा वाटा आहे. निम्मा म्हंजे पुरा न्हाई, हे बोललंच पाहिजे. पण तोही किती घरांत 'लग्नात दिलं की' म्हणून भाऊच गिळतात. १९३७ च्या शरियत कायद्यानं तर शेतजमीनच वगळली.

आपण मात्र हसू नये. लेकींच्या हक्काचं हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपद लाथाडलं. वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क देशभर यायला २००५ उजाडलं. तो कायदा आपल्या बौद्ध घरांनाही लागू. तरी आपल्यातले किती भाऊ बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात?

घाम सुकायच्या आत मजुरी, तसा बापाच्या मातीची ओल सुकायच्या आत बहिणीचा वाटा. हे पोराला शिकवील तो बाप आपला, मग तो कुठल्याही मोहल्ल्यातला असो.